संघ मालकाचा, हंगाम चाहत्यांचा

अमेरिकी बेसबॉलचा हंगाम ही चाहत्याच्या चिकाटीची परीक्षा असते. प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, त्यांतले ८१ घरच्या मैदानावर. मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत जवळपास रोज सामना असल्याने संघ हा रोजच्या दिनक्रमाचाच भाग होतो. ओकलंडमध्ये हा दिनक्रम १९६८पासून चालू होता. २६ सप्टेंबर २०२४ रोजी अॅथलेटिक्स तिथला अखेरचा सामना खेळले, जिंकले आणि शहर सोडून गेले.

जुनाट मैदान आणि रोडावलेली गर्दी, ही स्थलांतरामागची अधिकृत कारणे. ती खोटी नाहीत. मात्र अपुरी आहेत. मॅट ओल्सन, मॅट चॅपमन यांसारखे खेळाडू २०२२मध्ये इतर संघांना देण्यात आले आणि २०२३मध्ये संघाने ११२ सामने गमावले. असा संघ पाहायला लोक येत नाहीत, हा दोष लोकांचा कसा? १३ जून २०२३ रोजी चाहत्यांनी ठरवून मैदान गाठले. त्या दिवशी २७ हजारांहून अधिक प्रेक्षक होते आणि ‘संघ विका’ ही एकच मागणी घुमत होती.

खरे कारण कायद्यात आणि अर्थकारणात आहे. १९२२च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट मिळाली. संघ तीसच आणि कोणता संघ कुठे खेळणार हे ठरवणारे त्यांचे मालकच. अॅथलेटिक्सला सॅन होजे हवे होते, पण तो प्रदेश जायंट्सच्या हक्काचा ठरला. त्याविरुद्ध सॅन होजे शहर न्यायालयात गेले. २०१५मध्ये त्याच सुटीच्या आधारे ते हरले. सिलिकॉन व्हॅलीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या दाराशी येऊ शकणारा संघ असा दूर राहिला. टंचाई टिकवली की शहरे आपसांत बोली लावतात. नेवाडाने लास व्हेगासमधील नव्या मैदानासाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतचा सार्वजनिक निधी मंजूर केला. नोव्हेंबर २०२३मध्ये मालकांनी एकमताने स्थलांतरास संमती दिली.

रणजी करंडकातला मुंबईचा संघ उद्या दुसऱ्या शहराला विकला जाईल, ही कल्पनाही आपल्याला हास्यास्पद वाटेल. कारण तो संघटनेचा असतो, एका मालकाचा नव्हे. अमेरिकेत मात्र संघ ही खासगी मालमत्ता आहे. तिचे मोल वाढते ते पिढ्यान्‌पिढ्या तिकिटे काढणाऱ्या चाहत्यांमुळे. निर्णयात त्यांना स्थान नाही.

सध्या हा संघ वेस्ट सॅक्रामेंटोतल्या सुमारे १४ हजार आसनांच्या मैदानावर, नावात कोणतेही शहर न लावता खेळतो आहे. जुलै २०२५मध्ये निक कर्ट्झने एकाच सामन्यात चार होमरन मारले, तेव्हा टाळी वाजवावी की नाही, हा पेच ओकलंडच्या जुन्या चाहत्याला पडला असेल. त्याच शहरात २०२४मध्ये उभा राहिलेला बॉलर्स हा छोटा संघ चाहत्यांना समभाग विकतो. त्याचा खेळ वरच्या दर्जाचा नसेल. पण संघ कोणाचा, या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर तरी त्याच्याकडे आहे.