परीक्षेंतील गाडी व रस्त्यावरील गाडी

आमच्या एकत्र कुटुंबांत गेल्या वर्षीं मोटार आली. एका लिटरांत २३ किलोमीटर, असें विक्रेत्याच्या कागदावर होतें. थोरल्या बंधूंनीं त्याच आंकड्यावर मासिक खर्च बांधला. लोहारा ते सोलापूर खेपा सुरू झाल्या आणि वहींत आंकडा पडूं लागला १७ चा. दोष अर्थातच गाडी चालविणाऱ्या पुतण्याच्या माथीं आला. आम्हींही त्यास चार शब्द सुनावले.

तत्पूर्वीं तो २३ चा आंकडा येतो कोठून, हें पाहावयास हवें होतें. ही परीक्षा रस्त्यावर होतच नाहीं. पुण्यास १९६६ सालीं स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थेंत गाडी फिरत्या रुळांवर उभी करतात. चाकें धांवतात, गाडी जागच्या जागीं. वेगाचें वेळापत्रक आगाऊ ठरलेलें : ११८० सेकंद, ताशी ९० किलोमीटरच्या वर जावयाचें नाहीं, वातानुकूलन बंद. चढ नाहीं, खड्डा नाहीं, पुढें उंसाची बैलगाडी नाहीं, मागल्या बाकावर आमच्या वहिनी व त्यांचीं ज्वारीचीं पोतीं नाहींत. सर्व गाड्यांस प्रश्नपत्रिका एकच, म्हणून दोन गाड्यांची तुलना करण्यास हा आंकडा उत्तम. घरखर्च बांधण्यास नव्हे.

प्रश्नपत्रिका आधीं ठाऊक असली कीं काय होतें, हें आम्हां मास्तरांस कोणीं सांगावें? तपासनीस यावयाच्या दिवशीं घोकून घेतलेलीं मुलें आम्हींच पुढें बसवीत असूं. फोक्सवॅगन कंपनीनें तेंच यंत्राकडून करविलें. परीक्षा चालू आहे हें ओळखून तिची डिझेल गाडी विषारी वायु आवरून धरी, रस्त्यावर मोकळा सोडी. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनीं मापनयंत्र गाडींतच ठेवून ती अमेरिकेच्या रस्त्यांवर फिरविली. तेथून लागलेल्या शोधानें २०१५ सालीं बिंग फुटलें. त्याच वर्षीं आपल्या देशांतल्याही ३,२३,७०० गाड्या परत बोलाविण्याचें कंपनीनें जाहीर केलें.

१ एप्रिल २०२३ पासून आपल्याकडेंही रस्त्यावरची परीक्षा बंधनकारक झाली आहे. पण ती धुराची. लिटरांचा आंकडा रुळांवरचाच.

तो ज्याचा त्यानें काढावा. एकाच पंपावर नळी आपोआप थांबेपर्यंत टांकी भरावी, किलोमीटर टिपावे. पुढें पुन्हां तशीच भरून मधल्या अंतरास नव्यानें भरलेल्या लिटरांनीं भागावें. दोन-चार खेपांची सरासरी धरावी. बंधूंनीं आतां १७ धरून खर्च मांडला आहे. पुतण्याची समजूत मात्र आम्हांसच काढावी लागली. आठ दिवस तो किल्लीस हात लावीत नव्हता.