बटाट्यावरील बांगडी रोग आणि बेण्याची सुरी

बंगळूरहून कोलारकडे किंवा हासनकडे जावे, तो बटाट्याची शेते लागतात. पावसाळी पिकात एखादे झाड हिरवेगार असतानाच मान टाकते आणि जमिनीत ओल असूनही पुन्हा उभे राहत नाही. शेतकरी उन्हाला दोष देतो. त्या झाडाखालचा बटाटा आडवा कापला, तर सालीच्या किंचित आत तपकिरी कडे दिसते व दाबताच त्यातून पांढुरका चिकट स्राव येतो. या कड्यावरूनच पुणे जिल्ह्यात रोगाला ‘बांगडी’ हे नाव पडले. भारतातील त्याची पहिली नोंदही तेथलीच, १८९२ च्या सुमाराची. शंका असल्यास खोडाचा तुकडा स्वच्छ पाण्याच्या पेल्यात टांगावा. थोड्याच वेळात दुधासारखे धागे खाली उतरू लागतात. कोठारातील दुर्गंधीयुक्त ओली कूज ही निराळी. ती जखमेवाटे व ओलाव्याने वाढते, आणि कोरडा, हवेशीर साठा तिला बराच आवर घालतो.

बांगडीने धरलेल्या झाडाला औषध नाही. मग फवाऱ्यावर पैसा का दवडावा? खरी चूक लागवडीपूर्वीच झालेली असते. हासनकडे बेणे बरेचसे दूर पंजाबातून येते. ते महाग, म्हणून कापून फोडी लावतात. जंतू बाळगणारा कंद बाहेरून पुष्कळदा निरोगी दिसतो, आणि त्याच्यावर चाललेली सुरी पुढच्या कंदांनाही तो रोग देते. ही काटकसर फार महागात पडते. कोंबडीच्या अंड्याएवढे अखंड कंद, आणि तेही बांगडीमुक्त भागातले, लावणे हाच शहाणपणाचा व्यवहार होय. कापणे अटळच असेल, तर सुरी प्रत्येक कंदानंतर निर्जंतुक करावी. हे काम कंटाळवाणे आहे खरे.

दुसरी अडचण टोमॅटोची. कोलारकडे त्याला पैसा आहे, पण तो, वांगी आणि मिरची याच जंतूला पोसतात. बटाट्यामागून टोमॅटो घेणाऱ्याने रोग शेतातच राखून ठेवला असे म्हणावे लागते. नाचणी किंवा मका दोन वर्षे घेतल्यास जंतू ओसरतो, आणि नाचणी तर त्या भागाचे घरचेच धान्य. लागवडीच्या वेळी खताबरोबर हेक्टरी १२ किलो विरंजक चूर्ण देण्याचीही शिफारस आहे. मात्र रोगट बेण्याचे पाप त्याने धुतले जात नाही. मेलेले झाड कंद व भोवतालच्या मातीसह उपटून दूर पुरावे. ते पाटाच्या कडेला टाकले, तर पाणी तोच जंतू खालच्या शेतात पोचवते.