तक्रार क्रमांक घेऊन या

माहीमकरहो, नगरसेवक म्हणून एक मागणं आहे. निवडणूक आटोपली आहे, त्यामुळे त्याला मतांचा वास येऊ नये.

7 मार्च 2022 ला पालिकेची मुदत संपली आणि जानेवारी 2026 मध्ये मतदान होईपर्यंत मुंबईच्या एकाही प्रभागाला नगरसेवक नव्हता. कारभार प्रशासकाच्या हाती होता. हे वाईटच झालं. पण त्या काळात, ज्यांनी जन्मात वॉर्ड ऑफिसची पायरी चढली नव्हती अशा काकू-मावश्याही पालिकेच्या 1916 वर फोन लावायला शिकल्या, मिळालेला तक्रार क्रमांक वहीत उतरवून ठेवू लागल्या, दादरला येवले मार्गावरच्या जी उत्तर कार्यालयात कुठल्या टेबलावर काय काम होतं ते हुडकून आल्या. आता हक्काचा नगरसेवक आला म्हणून ती वही माळ्यावर टाकू नका.

‘साहेब, जरा बघा ना’ असं फोनवर सांगितलेलं काम होतंही, नाही असं नाही. पण त्याची नोंद कुठेच राहत नाही. एकाच गटाराच्या दहा तक्रारी नोंदलेल्या असल्या, तर प्रभाग समितीत त्या पुढ्यात ठेवून मला विचारता येतं, की हे दर पावसाळ्यात तुंबतं कसं? नुसता गाळ काढून भागणार आहे, की खालची वाहिनीच बदलायला हवी? जिथून तक्रारच येत नाही त्या गल्लीत दप्तराच्या लेखी सगळं आलबेल असतं. काम न होताच तक्रार निकाली निघालेली दिसली तर फोटो काढा आणि पुन्हा नोंदवा. कंटाळायचं आपण नाही.

तक्रार कुठं करायची हेही बघा. रस्त्यावरचा दिवा बंद पडला तर तो बेस्टचा. खांबावर रंगवलेला क्रमांक टिपून घ्या, ‘त्या पानवाल्यासमोरचा’ म्हणून सांगू नका. जुनी उपकरप्राप्त इमारत असेल तर तिची दुरुस्ती म्हाडाच्या मंडळाकडे. सोसायटीच्या आवारातलं झाड छाटायचं असेल तर खर्च सोसायटीचा आणि परवानगी उद्यान खात्याची, तीही मे संपत आल्यावर नव्हे, आधी मागायची. आणि बुधवारी नोव्हेनाला सेंट मायकलपाशी होणारी गर्दी, किंवा मखदूम बाबांच्या उरुसाची, ‘बंद करा’ अशी मागणी माझ्याकडे आणू नका. गाड्या आडव्या लागल्या तर वाहतूक पोलिसांना जरूर कळवा. गर्दी मात्र तुमच्या-माझ्या आधीपासूनची आहे.

मी खरोखर धास्तावतो ते डासांना. पावसाळा लागला की प्रत्येक इमारतीला धूर फवारणी हवी असते. धूर दिसतो, वास येतो, काहीतरी झाल्यासारखं वाटतं. पण धुरानं मरतो तो उडता डास. अळ्या पाण्यात मजेत असतात आणि आठ-दहा दिवसांत नवी फौज उडायला तयार होते. मुंबईत मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलिस स्टिफेन्सी गटारात नाही, स्वच्छ पाण्यात वाढतो, म्हणजे तुमच्या गच्चीवरच्या टाकीत. डेंग्यूच्या एडिसला कुंडीखालचं बशीभर पाणीही पुरतं.

एकदा गच्चीवर जाऊन बघाच. गळती थांबावी म्हणून टाकलेली निळी ताडपत्री असते, तिच्या चुणीत ओंजळभर पाणी साचलेलं असतं. त्यावर सावली पडली की दोऱ्याच्या तुकड्यांसारखं काहीतरी वळवळत खाली जातं. त्या अळ्या. टाकीचं झाकण विटेवर तिरकं ठेवलेलं आणि वर चढायची शिडी मोडकी. शिडी नाही म्हणून कीटकनाशक विभागाचा माणूस टाकीत डोकावू शकत नाही. शिडी कोणी करायची यावर मीटिंगमध्ये वाद, आणि मीटिंगला कोरम नाही! शिडी आणि घट्ट झाकण ही सोसायटीची जबाबदारी आहे. त्याला माझ्या पत्राची गरज नाही. आठवड्यातून एक दिवस ठरवून बशा, ड्रम, फ्रिजमागचा ट्रे कोरडे करायलाही नाही.

समुद्राबद्दल एवढंच. मिठी विहार-पवईकडून निघते आणि आपल्या खाडीत येऊन समुद्राला मिळते. वरच्यांचा कचरा आपल्या किनाऱ्याला लागतो हे खरं. पण पुलावर गाडी थांबवून निर्माल्याची पिशवी भिरकावणारे सगळेच काही कुर्ल्याहून आलेले नसतात.

तेव्हा कार्यालयात याल तेव्हा तक्रार क्रमांक, जागेचा फोटो आणि शक्य झाल्यास शेजारच्या दोन घरांना सोबत आणा. क्रमांक नसेल तरी या. आपण तिथंच बसून नोंदवू, मग चहा घेऊ. सत्यनारायणाचं आमंत्रण तेवढं फोनवर दिलंत तरी चालेल.