‘सावित्रीजोती’ बंद झाली त्याचे दुःख



सोनी मराठी वाहिनीवरची ‘सावित्रीजोती’ ही मालिका ६ जानेवारी २०२० रोजी सुरू झाली आणि २६ डिसेंबर २०२० रोजी बंद झाली. धर्मशिक्षणाचे वर्ग घेणाऱ्यांना तारीख दिसली की सण आठवतो, म्हणून सांगतो: पहिला दिवस तीन राजांच्या फेस्ताचा होता आणि शेवटचा संत स्तेफनाचा. पुरते एक वर्षही नाही, आणि त्यातही करोनामुळे काही महिने चित्रीकरणच बंद होते. जोतीराव आणि सावित्रीबाईंचा संसार १८४० ते १८९० असा पन्नास वर्षांचा. जोतीरावांनंतर सावित्रीबाई आणखी सहा वर्षे झटल्या आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. एवढे सगळे त्या मोजक्या महिन्यांत कसे मावणार?

बंद होण्याचे कारण त्या वेळी उघडच बोलले गेले: प्रेक्षक कमी पडले. मालिकेच्या संशोधनाची बाजू पाहणारे दिवंगत प्रा. हरी नरके यांनीही तशी खंत व्यक्त केली होती. मग जे व्हायचे तेच झाले. काहींनी वाहिनीला दोष दिला, काहींनी समस्त मराठी प्रेक्षकांना नालायक ठरवले, आणि आपल्या मंडळींतले काही जण म्हणाले, “एवढे काय त्यात? मालिकाच होती ना!”

हे शेवटचे बोलणे आम्हांला पटत नाही. त्यामागे असा समज असतो की, भक्तिमान माणसाने पडद्यावरच्या गोष्टीत जीव गुंतवू नये. पण प्रभू येशूने लोकांना काय दिले? गोष्टीच दिल्या. पेरणारा, हरवलेले नाणे, धाकटा मुलगा. माणसाचे मन गोष्टीत गुंतते हे ठाऊक असल्यावाचून कोणी असे शिकवत नाही. ज्या घरात रोज संध्याकाळी सावित्रीबाई येऊन बसत होत्या, त्या घराला त्या अचानक येईनाशा झाल्याचे वाईट वाटले, तर ते दुःख खरेच आहे. त्याला हसू नये, आणि त्यावर उपदेश तर मुळीच करू नये.

आमच्या पेडणे-डिचोली भागात ख्रिस्ती घरे थोडी, आणि त्यांतही घरात मराठी वाचणारी-बोलणारी त्याहून थोडी. मराठी मालिकेत ख्रिस्ती माणूस दिसलाच तर तो बहुधा दारूचा गुत्ता चालवणारा, नाहीतर वेडेवाकडे मराठी बोलून हसवणारी शेजारीण. मात्र फुल्यांच्या चरित्रात मिशनची शाळा आपोआपच येते, ती कोणाला मुद्दाम घुसडावी लागत नाही. जोतीराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फरार नगरमध्ये मुलींच्या शाळा चालवत होत्या. त्या पाहूनच १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढण्याचा जोतीरावांचा निश्चय पक्का झाला. सावित्रीबाईंच्या अध्यापन-शिक्षणाच्या संदर्भातही मिस फरार आणि पुण्याच्या मिसेस मिचेल यांची नावे सांगितली जातात. म्हणजे आपले पूर्वज या गोष्टीत कुठेतरी कोपऱ्यात उभे आहेत. जोतीरावांना आपल्या खात्यावर जमा करण्याचा मोह काहींना होतो, तो मात्र टाळलेला बरा. ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म मांडला, आणि तो त्यांचा स्वतःचा होता.

आता वाहिनीविषयी. तिला खलनायक ठरवायला आम्ही तयार नाही. जुना काळ उभा करायचा म्हणजे वाडे, कपडे, दागिने, कंदील, सगळेच खर्चाचे. जाहिरातदार आकडा बघून पैसे देतो. आकडा नसेल तर वाहिनी किती दिवस पदरमोड करील? पण तो आकडा कसा तयार होतो हेही समजून घ्यायला हवे. २०२० च्या सुमारास बार्क ही संस्था देशभरातल्या सुमारे ४४ हजार घरांतल्या मीटरवरून टीआरपी काढत होती, आणि टीव्ही असलेली घरे वीस कोटींच्या आसपास. म्हणजे साधारण साडेचार हजार घरांमागे एक मीटर. शिवाय मराठी वाहिन्यांसाठी महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच बाजार धरतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख आणि गोव्याची साडेचौदा लाख. हरमलच्या किंवा मयेच्या एखाद्या घरात ही मालिका वर्षभर एक दिवसही न चुकता पाहिली गेली असेल. त्या घरात मीटर नसेल, तर हिशेबापुरते ते घर नव्हतेच. म्हणूनच “मराठी लोकांनी पाहिली नाही” असे म्हणून सरसकट सगळ्यांना झोडपणे आम्हांला अन्यायाचे वाटते. ज्याने रोज पाहिली त्यालाच दोनदा शिक्षा: मालिकाही गेली आणि वर बोलणीही खायची.

पेडण्याच्या माणसाला हा हिशेब मुळातच परका आहे. इथे दशावतार रात्री उशिरा उभा राहतो आणि पहाटे दहीकाला होईपर्यंत चालतो. तीन वाजता निम्मी माणसे उठून जातात, लहान मुले आईच्या मांडीवर झोपतात, पुढच्या बाजूला चार म्हातारे उरतात. म्हणून राक्षस मरायच्या आधी कोणी पेटी-मृदंग गुंडाळत नाही. बाजाराची रीत वेगळी असते हे कळते, पण मन त्या जुन्या सवयीचेच राहते, आणि ‘आटोपते घेतले’ की ते दुखावते.

मोठ्या माणसांचे एक वेळ राहू द्या. त्या डिसेंबरनंतर आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या एका मुलीने विचारले, “लोकांना सावित्रीबाई आवडल्या नाहीत का?” तिच्या प्रश्नात तक्रार नव्हती, तिला खरेच जाणून घ्यायचे होते. आम्ही या विषयावर लिहायला बसलो ते या प्रश्नामुळे. मालिका येतात आणि जातात. पण जे चांगले असते ते लोकांना नको असते, असा निष्कर्ष एखादे मूल त्यातून काढून मोकळे झाले तर? दगड-शेणाचा मारा सोसत शाळेत जाणारी बाई मोजणीत हरली, म्हणजे ती हरलीच, असे त्याला वाटले तर?

म्हणून त्या वर्गात आम्ही मुलांना स्तेफनाकडे नेले. २६ डिसेंबरचा सण त्याचा म्हणून आपल्याला त्याचे मरण आठवते, पण ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सातवा अध्याय जवळजवळ सगळा त्याच्या भाषणाने भरला आहे, याकडे लक्ष जात नाही. न्यायसभेपुढे उभा राहून तो गोष्ट सांगतो: अब्राहामापासून सुरुवात, मग योसेफ, मग मोशे, आणि मोशेवर तो बराच रेंगाळतो. शलमोनाने बांधलेल्या मंदिरापर्यंत येतो आणि तिथे श्रोत्यांना त्यांच्या तोंडावर खडसावतो. मग श्रोते दातओठ खातात, कान झाकून घेतात आणि त्याला शहराबाहेर ओढून नेतात. गोष्ट राहते तिथेच. सभेतल्या एकालाही ती पसंत पडलेली नाही.

मारणाऱ्यांचे कपडे सांभाळत शौल नावाचा एक तरुण उभा होता. सहा अध्याय पुढे जा. पिसिदियातल्या अंत्युखियाच्या सभास्थानात तोच माणूस, आता पौल म्हणून, उभा राहतो आणि इस्राएलाचीच गोष्ट सांगू लागतो. मिसर देशापासून निघून दाविदापर्यंत येतो आणि तिथून थेट येशूपर्यंत पोहोचतो. स्तेफनाला जिथे थांबवले त्याच्या पुढचा भाग सांगायला, कपडे सांभाळणाराच आला.

वाहिनीची न्यायसभेशी तुलना करायची नाही, कोणी गैरसमज करून घेऊ नये. इथे कोणी कान झाकले नाहीत, दगड उचलला नाही. लोकांनी फक्त रिमोटचे बटण दाबले. मुलांना एवढेच दाखवायचे होते की, ऐकणारे उठून गेले म्हणजे सांगितलेली गोष्ट खोटी पडत नाही, आणि पुढे ती कोण सांगेल हे त्या दिवशी कोणालाच कळत नाही.

आपल्या गोव्यातच याचा पुरावा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’, सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांचे, १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले आणि पुढे १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा. नंतर छपाई थांबली. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने इथल्या भाषेवरच बंदीचा हुकूम काढला. पेडणे-डिचोली तेव्हा त्यांच्या ताब्यात नव्हते, ते अठराव्या शतकाच्या अखेरीस गेले. आपल्याकडे मराठी टिकली त्यामागे हेही एक कारण आहे. पुराणाच्या छापील प्रती नाहीशा झाल्या. पण गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत हाताने उतरवलेल्या प्रती राहिल्या आणि पिढ्यान् पिढ्या त्या मोठ्याने वाचल्या गेल्या. १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी ते पुन्हा छापले, आणि १९५६ मध्ये पुण्याहून देवनागरीत आले. अडीचशे वर्षांचा खंड पडला. मधल्या काळात ज्यांनी दिव्याच्या उजेडात ओव्या उतरवून काढल्या त्यांची नावेही आपल्याला माहीत नाहीत.

तेव्हा मालिका गेली याचे वाईट वाटणाऱ्यांना आमचे सांगणे असे. दुःख करा, पण ‘सावित्रीजोती’ परत सुरू व्हावी म्हणून वाट पाहत बसू नका. चालू असलेली एखादी चांगली मालिका किंवा नाटक आवडले तर ते चालू असतानाच वाहिनीला पत्र लिहा, शेजारणीला सांगा, नाटकाचे तिकीट काढा. श्रद्धांजली वाहायला सगळेच पुढे असतात. आणि पडद्यावर राहिलेली गोष्ट घरात सांगा.

त्यासाठी सामग्री आपल्याजवळच आहे. फुल्यांच्या शाळेतली मांग समाजातली मुलगी मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो छापला ‘ज्ञानोदय’ने, म्हणजे १८४२ साली नगरला सुरू झालेल्या अमेरिकन मिशनच्या नियतकालिकाने. त्या अंकाला वाचक किती मिळाले असतील? आज तो निबंध मराठी वाङ्मयाचा आणि चळवळींचा इतिहास सांगणारे सगळे वाचतात. आपल्या घरांत मात्र तो क्वचितच निघतो.

३ जानेवारी हा सावित्रीबाईंचा जन्मदिवस. त्यानंतर लगेच येणाऱ्या रविवारी मिस्सेनंतर धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही मुक्ताचा निबंध मोठ्याने वाचणार आहोत. वाचणाऱ्या मुलीच असतील. आईबापांनीही थांबावे. भाषा जुनी आहे, मध्येमध्ये शब्द समजावून सांगावे लागतील, त्यामुळे एका बैठकीत तो संपणार नाही, दोन रविवार धरून चला. ‘ज्ञानोदय’नेही तो दोन अंकांतच छापला होता, १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५.