काशीदला जाताय? मग डोंगराकडेही बघा

मार्च उजाडला की कॉलेजच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो, 'सबमिशन संपलं की काशीद?' मग गाड्या ठरतात, पेट्रोलचा हिशेब होतो, घरी काय सांगायचं ते ठरतं आणि टोळकं अलिबाग-मुरूड रस्त्याला लागतं. जा की! ह्या वयात नाही जाणार तर कधी जाणार? फक्त दोस्तांनो, एक गोष्ट लक्षात ठेवा. तुम्ही गाडी लावता त्या रस्त्याच्या एका अंगाला समुद्र आहे आणि दुसऱ्या अंगाला डोंगर. आपण सगळे समुद्राकडे तोंड करून फोटो काढतो. पाठीमागच्या डोंगराच्या पायथ्याशी गुरं चरतात, आणि त्या गुरांमागे माणसं असतात. आजचा विषय ती माणसं आणि त्यांचा वसंत.

काशीदच्या मागचं रान म्हणजे फणसाड अभयारण्य. जंजिरा संस्थानाच्या नवाबाचं हे शिकारीचं जंगल. १९८६ साली ते अभयारण्य झालं. ५० चौरस किलोमीटरहून मोठ्या ह्या रानात बिबट्या आहे, शेकरू आहे. रानातल्या पाणवठ्यांना इथल्या बोलीत 'गाण' म्हणतात. फणसाडच्या गाणीवरूनच अभयारण्याला नाव मिळालं. पाणवठ्याला स्वतंत्र शब्द असलेल्या गावाला पाण्याची किंमत कळते, एवढं तरी त्यातून समजायला हरकत नाही.

कवितेतला वसंत आपल्याला पाठ असतो. पळस पेटतो, पांगारा लाल होतो, काटेसावरीला फुलं येतात, आंब्याच्या मोहराचा वास सुटतो. हे सगळं काशीदच्या मागेही घडतं. पण गोठ्यातला वसंत वेगळा असतो. फाल्गुनात डोंगरावरचं गवत वाळून करड होतं. भातझोडणीनंतर रचून ठेवलेली पेंढ्याची गंजी निम्म्यावर येते. पाऊस यायला अजून तीन महिने असतात. मग रोज मनात एकच गणित, पेंढा पुरेल का? गाभण म्हशीला आधी घालायचा की कामाच्या बैलाला? भाकड गाय ठेवायची की काढायची? आपल्याकडे परीक्षांचा हंगाम असतो ना, तसाच हा गुरं पाळणाऱ्यांच्या परीक्षेचा हंगाम. फरक इतकाच, की इथे एटीकेटी नाही.

त्यात भर वणव्याची. फेब्रुवारीपासून कोकणातले डोंगर रात्री पेटलेले दिसतात. कुणी बिडी-सिगारेट विझवत नाही, कुणी पार्टीची चूल तशीच टाकून येतो, तर कुठे 'जाळलं की नवं गवत चांगलं येतं' ह्या समजुतीने मुद्दाम आग लावली जाते. एका रात्रीत अख्ख्या डोंगराची करड जाते, सोबत कुणाची तरी काजू-आंब्याची बागही. दुसऱ्या दिवशी गुरांना सोडायचं कुठे?

आता तुम्ही म्हणाल, एवढा त्रास असेल तर गुरं ठेवायचीच कशाला? दूध पिशवीतून येतंच की. याचं उत्तर वसंतातल्याच एका कामात आहे, राब भाजणीत. रायगडचा भातशेतकरी पावसाळ्याआधी रोपांसाठी जमिनीचा एक तुकडा राखतो. त्यावर शेण, झाडांचा कवळ, पालापाचोळा, गवत असे थर देतो, वर माती पसरतो आणि ते भाजतो. त्याने तणाचं बी मरतं, राख मिसळते आणि जूनमध्ये रोप जोमात येतं. कवळासाठी झाडं तोडण्यावर टीका होते आणि ती रास्तही आहे. पण मुद्दा असा, की गोठा, डोंगर आणि भाताचं खाचर ही इथे तीन वेगळी खाती नाहीत. गोठा रिकामा झाला की शेण संपतं, मग खताचं पोतं विकत आणावं लागतं. बैल गेले की ट्रॅक्टर भाड्याने घ्यावा लागतो. परवडेनासं झालं की खाचर ओसाड पडतं. आणि ओसाड खाचराला गिऱ्हाईक फार लवकर मिळतं.

गिऱ्हाईक कुठून येतं हे तुम्हाला ठाऊक आहे. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये जवळपास २२ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. मुंबई जवळ आली, ही चांगलीच गोष्ट आहे. आजारी माणसाला लवकर दवाखान्यात नेता येतं, मासळीला बाजार मिळतो, होम-स्टेमुळे घरात चार पैसे येतात. पण त्याच रस्त्याने जमिनीचे भावही आले. एका जमिनीला कुंपण पडलं की गुरांची एक वाट बंद होते. चार कुंपणं पडली की पाणवठा गाठायला अर्धा तास जास्त लागतो. कुणीही गुराख्याला 'गुरं विक' असं सांगत नाही. नुसत्या वाटा बंद होत जातात आणि एक दिवस तो स्वतःच दावणी सोडतो.

पूर्वीच्या गावाने ह्यावर तोडगा काढला होता. भात कापून झालं की उरलेल्या ओलीवर वाल घ्यायचे. पोपटी खाता ना, तेच. वालाच्या शेंगा निघाल्या की शिमग्याच्या सुमाराला शेतं सगळ्यांच्या गुरांना मोकळी. माझं शेत, तुझी गाय, असा वाद नाही. गुरं धसकटं खातात, शेण तिथेच पडतं, दोघांचंही भागतं. होळीला आपण गावी जाऊन नाचतो. पण ज्या मोकळ्या रानावर तो सण उभा होता, तो व्यवहार आपल्या डोळ्यांदेखत मोडतोय.

तो मोडताना जनावरंही कमी होताहेत. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशभरातल्या देशी गाई-बैलांची संख्या आधीच्या गणनेपेक्षा ६ टक्क्यांनी घटलेली दिसली, संकरित मात्र वाढले. आणि गंमत बघा, २०१८ साली कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने कोकणातल्या आपल्या गावठी गुरांची 'कोकण कपिला' ह्या नावाने स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. ठेंगणी, काटक, चढ चढणारी, धो धो पावसात तग धरणारी. दूध जर्सीइतकं देत नाही, पण जर्सीचे लाडही मागत नाही. म्हणजे जिला आपण इतकी वर्षं 'गावठी' म्हणून हिणवलं, तिला कागदावर नाव मिळालं, आणि तिला चरायला मात्र जागा उरेना.

जी गोष्ट गाईची तीच माणसाची. रायगड किल्ल्यावर गेलात की चढताना ताक पिताच. ते ताक आणणाऱ्या बायाबापड्या घेऱ्यातल्या धनगरवाड्यांवरून येतात. सह्याद्रीतल्या ह्या गवळी धनगरांवर माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८० च्या दशकातच अभ्यास करून ठेवला आहे. मेंढ्या सोडून म्हशी पाळत घाटमाथ्याच्या पावसात टिकलेला हा समाज. हिरकणीची कथा आपल्याला माहीत आहे, तिच्यावर सिनेमाही आला. बाळासाठी कडा उतरून गेलेली ती एक दूधवालीच होती. तिच्या नावाच्या बुरुजावर सेल्फी काढायचा आणि खाली ताकाच्या ग्लासासाठी पाच रुपयांची घासाघीस करायची, हे काही बरं दिसत नाही.

दुसरी बाजूही मांडायला हवी. अभयारण्यात बेसुमार चराई झाली तर नवी रोपं वर येत नाहीत, हे खरं आहे. गुरांचे रोग रानातल्या प्राण्यांना होऊ शकतात, हेही खरं. वनखात्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. पण रान आणि गुराखी हे जन्माचे वैरी आहेत, हेही खरं नाही. गिधाडांचंच बघा. म्हसळ्याच्या चिरगावची गिधाडं तुम्ही ऐकून असाल. हा पक्षी मेलेल्या गुरांवर जगतो. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक औषधाने गिधाडं मरतात हे कळल्यावर २००६ साली गुरांसाठीचं ते औषध देशात बंद करावं लागलं. म्हणजे गोठ्यात काय घडतं त्याचा हिशेब आभाळातही होतो.

मग काय करायचं? 'गावाकडे परत चला' हा उपदेश आम्ही करणार नाही. ज्या पोराला नर्सिंग करायचंय किंवा मर्चंट नेव्हीत जायचंय, त्याने जरूर जावं. गुराख्याच्या मुलाने गुराखीच व्हावं असं म्हणणारे बहुधा गुराखी नसतात. आमचं म्हणणं एवढंच, की ज्याला गुरं ठेवायची आहेत त्याला ती ठेवता आली पाहिजेत. हरून नव्हे, निवडून सोडता आली पाहिजेत.

त्यासाठी तुमच्या हातात बरंच काही आहे. गावात गुरचरण म्हणून राखलेली जमीन असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत, म्हणजे १९६६ च्या कायद्यात, गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद आहे. तुमच्या गावात ती किती आहे, कुठे आहे? सातबारा ऑनलाइन दिसतो. रील बघता बघता पाच मिनिटं काढा आणि शोधा. अशा सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात राज्यांना स्पष्ट सांगितलं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात पारंपरिक चराईचा हक्कही नोंदलेला आहे. आदिवासी नसलेल्यांना त्यासाठी तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. ते दाखवायला जुने कागद, पावत्या, म्हाताऱ्यांचे जबाब गोळा करावे लागतात. हे काम धनगरवाड्यावरची आजी एकटी करू शकत नाही. कायदा शिकणारी, अर्ज लिहिता येणारी पोरं सोबत असली तर होऊ शकतं. बिबट्याने वासरू मारलं तर भरपाई मिळते, पण वेळेत कळवावं लागतं, पंचनामा व्हावा लागतो. तिथेही कुणीतरी फोन लावणारं हवं.

अठरा पूर्ण झालेत ना? गावच्या मतदारयादीत नाव असेल तर तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहात. गुरचरणाचा विषय तिथे मांडा. एनएसएसचं शिबिर असेल तर आणखी एका प्रभातफेरीऐवजी एक पाणवठा साफ करा, वनखात्याला विचारून जाळरेषा काढायला हात लावा. आणि काशीदला जाल तेव्हा खाल्लेल्या वेफरची पिशवी परत आणा. किनाऱ्यावर फिरणारी गाय ती खाते, आणि तिच्या पोटातून ती निघत नाही.

शिमगा झाला, चैत्र लागला. आता करवंदं येतील, मग जांभळं. डोंगराच्या पायथ्याशी डोक्यावर टोपली घेतलेली एखादी बाई रस्त्याकडेला बसलेली दिसेल. गाडी थांबवा, भाव न करता द्रोण घ्या. आणि जमलं तर विचारा, 'मावशी, यंदा पेंढा पुरला का?' त्या प्रश्नाचं उत्तर ऐकायला पाच मिनिटं लागतील. समुद्र तेवढ्यात कुठे पळून जात नाही.