अथांग म्हणण्याआधी

मराठी समीक्षेला ‘अथांग’ हा शब्द फार प्रिय आहे. कवीची करुणा अथांग, कादंबरीकाराचे अनुभवविश्व अथांग, लोकगीतातले दुःख तर अथांगच. थांग म्हणजे ठाव, तळ. तो लागत नाही असे एकदा जाहीर केले की तो लावण्याच्या जबाबदारीतून समीक्षक मोकळा होतो. या मोकळेपणाविषयी संशय घ्यायला मला लावले ते साहित्याच्या अभ्यासक्रमात कधीही न येणाऱ्या एका गद्याने. हे गद्य जलमय गुहांत उतरणाऱ्या पाणबुड्यांचे, म्हणजे त्यांनी केलेल्या अपघातविश्लेषणाचे आहे.

शेक एक्सली (१९४९–१९९४) हे फ्लोरिडातले. पेशाने शाळेत गणित शिकवणारे. त्यांचे ‘बेसिक केव्ह डायव्हिंग : अ ब्ल्यूप्रिंट फॉर सर्व्हायव्हल’ हे छोटेखानी पुस्तक १९७९ साली निघाले. उघड्या समुद्रात काही बिघडले तर निदान डोक्यावर आकाश असते. गुहेत डोक्यावर खडक असतो, आणि आलेल्या वाटेनेच परतावे लागते. पायाच्या एका फटक्याने तळाचा गाळ उठला की दिव्याचाही उपयोग राहत नाही. अशा जागी माणसे का मेली, हे एक्सली यांनी एकेका घटनेवरून शोधले. एक घटना सांगायची, नेमके काय चुकले ते दाखवायचे आणि त्यातून एक नियम काढायचा, अशी पुस्तकाची रीत आहे. गुहेच्या तोंडापासून अखंड दोरी टाकत जा. जवळच्या हवेचा एक तृतीयांश आत जाण्यासाठी, एक परतण्यासाठी, आणि उरलेला तिसरा हिस्सा सोबत्यावर किंवा स्वतःवर प्रसंग ओढवला तर. तिसरा नियम खोलीच्या मर्यादेचा. पुढे याच रीतीने प्रशिक्षण आणि दिवे यांविषयीचे नियम जोडले गेले.

या नियमांमागची वृत्ती मला महत्त्वाची वाटते. मेलेल्या माणसाची चूक सांगणे हा त्याचा अपमान नाही, हे या लेखनाने गृहीतच धरले आहे. आपल्याकडे मृत्युलेख आणि गौरवग्रंथ या दोन प्रकारांनी समीक्षेची बरीच जागा अडवली आहे. कवी गेला की त्याची शेवटची तीन संग्रहांतली घसरण अचानक ‘परिपक्व मितभाषिता’ होते. (आणि कवी हयात असताना तो पुरस्कार समितीवर असतो, म्हणून तेव्हाही कोणी बोलत नाही.) कविता म्हणजे अपघात नव्हे, असा आक्षेप कुणी घेईल. मान्य. पण एखाद्या मोठ्या लेखकाची कादंबरी कोणत्या प्रकरणात, कोणत्या निर्णयामुळे श्वास हरवून बसते, हे नेमके सांगितले तर पुढच्या लेखकाच्या हाती निदान एक दोरी लागते. आपण विद्यार्थ्यांना ती देत नाही. विशेषणे देतो.

एक्सली यांच्या आत्मकथनाचे शीर्षक ‘कॅव्हर्न्स मेझरलेस टू मॅन’. शब्द कोलरिजच्या ‘कुब्ला खान’मधले. मापनाचा ध्यास घेतलेल्या या गणितशिक्षकाने अमाप गुहांचे शब्द निवडावेत, याला केवळ अलंकरण मानायला मी तयार नाही. मेक्सिकोतील मान्ते नदीच्या उगमात १९८८ साली ते २३८ मीटर खोल गेले. एवढ्या दाबाखाली हवेतला नायट्रोजन नशा आणतो, म्हणून श्वासासाठी हेलियम मिसळलेला वायू. वर येताना रक्तात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होऊ नयेत म्हणून टप्प्याटप्प्यावर थांबायचे. हे थांबेच दहा तासांहून अधिक. ज्याने प्रत्येक मीटरची किंमत तासांत मोजली, त्याच्या तोंडी ‘अमाप’ हा शब्द उसना वाटत नाही. आपल्या समीक्षकाच्या तोंडी तो वाटतो, कारण त्याने माप घ्यायला सुरुवातच केलेली नसते.

उपकरणांचा इतिहासही असाच आहे. साध्या यंत्रणेत सोडलेला श्वास बुडबुड्यांवाटे वाया जातो, त्यात न वापरलेला प्राणवायूही असतो. बिल स्टोन यांनी उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड रसायनाने शोषून तोच वायू पुन्हा वापरणारे यंत्र बनवले आणि १९८७ साली फ्लोरिडातील वाकुला झऱ्यात त्यावर सलग २४ तास पाण्याखाली काढून दाखवले. आपल्या सिद्धान्तावर स्वतःचा श्वास टांगणारे सिद्धान्तकार आमच्या क्षेत्रात विरळाच.

एक्सली ६ एप्रिल १९९४ रोजी मेक्सिकोतील साकातोन या जलविवरात गेले. तळ गाठण्याचा तो प्रयत्न होता. सोबत उतरलेले जिम बोडेन २८० मीटरपलीकडे जाऊन परतले. काही दिवसांनी एक्सली यांचा देह वर आला तेव्हा दोरी त्यांच्या हाताभोवती गुंडाळलेली होती. सहकाऱ्यांनी त्यांच्याच पद्धतीने त्यांच्या मृत्यूचे विश्लेषण केले. वायूचा साठा, दोरीची अवस्था, सारे तपासले. निश्चित कारण ठरले नाही, आणि तसे त्यांनी लिहून ठेवले. पुढे २००७ साली स्टोन यांच्याच चमूने नासाच्या अर्थसाहाय्याने बनवलेले स्वयंचलित यंत्र त्या विवरात सोडले. तळ ३०० मीटरहून अधिक खोलीवर निघाला.