गोदावरीकाठचा टसर पतंग

हैदराबादच्या दुकानात टसरची साडी उलगडताना तिच्यामागचे जंगल क्वचितच आठवते. तेलंगणाच्या उत्तरेचे चेन्नूर, महादेवपूर आणि गोदावरीपलीकडचा आपला गडचिरोली जिल्हा, हा टसर पतंगाचा मुलूख. तुतीची रेशीमअळी घरात वाढते. टसरची अळी उघड्यावर, ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर. तिला पक्ष्यांपासून आणि मुंग्यांपासून राखावे लागते. गडचिरोली-भंडाऱ्यात ढिवर कुटुंबे हे काम पिढ्यानपिढ्या करत आली आहेत. सुपारीसारखा टणक कोष देठाने फांदीला लटकतो. त्यातून निघालेल्या पतंगाच्या चारही पंखांवर पारदर्शक ठिपका असतो, पण त्याला अन्न घेता येत नाही. अळीने साठवले तेवढ्यावर थोडे दिवस जगायचे, जोडी जमवायची, अंडी घालायची.

‘आंध्र लोकल’ आणि ‘भंडारा’ हे या पट्ट्यातले मूळ वाण. बाहेरून अंडीपुंज आणून रेशीम मिळेल, हे वाण मिळणार नाहीत. त्यांच्यासाठी जुना ऐन उभा राहिलाच पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे. नव्या लागवडीचे आकडे त्याची भरपाई करत नाहीत. हा अंक त्या रानाला वाहिला आहे. कोषांच्या हंगामाच्या आठवणी ज्यांच्या घरी असतील, त्यांनी आम्हाला अवश्य लिहावे.